गरोदरपणात ग्रहण पाळणं : विचारलं की ‘नाही’, घरात मात्र ‘हो’. मोजायचं कसं?

सीनाकाठची

नमस्कार. मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कम्युनिटी हेल्थ घेऊन. प्रबंधाचा विषय आहे गरोदर स्त्रियांच्या ग्रहणाविषयीच्या समजुती. गावं सोलापूर जिल्ह्यातली, सगळी एकाच उपकेंद्राच्या हद्दीतली.

प्रश्नावली नेहमीसारखीच केली. वीस विधानं, पुढे ‘हो’ आणि ‘नाही’. ‘ग्रहणात गरोदर बाईने विळीने काही चिरल्यास बाळाचा ओठ फाटतो.’ ‘ग्रहण सुटेपर्यंत पाणी पिऊ नये.’ ‘ग्रहणात गरोदर बाईने झोपू नये.’ अशी. पायलटला, म्हणजे चाचणी फेरीला, निघाले, तर जवळजवळ प्रत्येकीचं सगळ्याला ‘नाही’. “आता कोण मानतंय ताई ते? आम्ही शिकलेल्या आहोत.” आणि त्याच ओसरीवर बसलेल्या सासूबाई मला कौतुकानं सांगतात की अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री, ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाला, सुनेला भिंतीला पाठ लावून ताठ बसवून ठेवलं होतं. दहाच्या आधीपासून ते रात्री दीडपर्यंत. पाण्याचा घोटही दिला नाही. सून मान खाली घालून लसूण सोलत होती. माझ्या कागदावर तिच्या नावापुढे वीस ‘नाही’ आहेत.

गाईडचं म्हणणं, विधानं कमी पडली. टोबॅसिकचा पॅरानॉर्मल बिलीफ स्केल (अलौकिक गोष्टींवरचा विश्वास मोजणारी तयार प्रश्नावली) मराठीत करून जोड, क्रॉनबॅकचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) काढ आणि प्रत्येकीचा एक एकूण गुण दे. अल्फा काढायला बसले तर काहीतरी विचित्रच आकडा येतोय.

मला हे काम नीट करायचं आहे. साडेतीन तास पाणी नाही, आणि वेधापासून धरलं तर पोटात अन्नही नाही, ही माझ्या दृष्टीनं आरोग्याची बाब आहे. आहे तसा प्रबंध दिला तर या भागात ही समजूत उरलेली नाही असं छापून येईल, आणि पुढच्या ग्रहणाला कोणीच या बायकांकडे बघणार नाही. कोणी मार्ग सांगेल का?

पाणवठा

ताई, गणवेशात गेला होतात का? आणि बरोबर आशा होती का? मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त. आम्ही गोळ्या देणाऱ्या, वजन घेणाऱ्या, रागावणाऱ्या. आमच्यासमोर “लोहाच्या गोळ्या खाते” म्हणणारीच्या घरात गोळ्यांची पाकिटं फळीवर जशीच्या तशी सापडायची. तुम्हाला काय ऐकायचंय ते बायकांना तुमच्या साडीवरून कळतं.

मानतेस का असं विचारूच नका. त्या दिवशी काय काय केलंस, काय खाल्लंस, कुठं बसलीस, एवढंच गप्पांत विचारा. आणि सासूला आधी बोलू द्या. तिचं बोलून झालं की ती उठते, मग सून बोलते.

कसोटी

मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यातही चाचण्या बांधणं हा माझा विषय. पाणवठाताईंनी पहिल्याच फटक्यात मुद्द्याला हात घातला आहे. मी त्याला पुढे जोडते.

आधी गाईडांची सूचना. टोबॅसिकचा स्केल १९८३ चा, सुधारलेला २००४ चा. विधानं २६, प्रत्येकाला ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत सात पायऱ्या. त्यात तेराचा आकडा आहे, आरसा फुटणं आहे, तिबेटातला हिममानव आहे आणि स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातला राक्षसही आहे. त्या तळ्याविषयी विचारून तुमच्या लसूण सोलणाऱ्या सुनेच्या पाण्याच्या घोटाबद्दल काय कळणार? भाषांतर कितीही चोख करा, तिच्या अंगावर ज्या समजुतीचं ओझंच नाही ती मोजून हाती काही लागणार नाही. हे गाईडांना स्पष्ट सांगा. कारण लेखी द्या, ते ऐकतील.

अल्फाचं कारण सोपं आहे. क्रॉनबॅकनं १९५१ मध्ये दिलेला हा आकडा माणसामाणसांतल्या फरकावर उभा असतो. सगळ्यांनी सगळीकडे ‘नाही’ म्हटलं की फरकच उरत नाही, मग अल्फा कशाला धरून उभा राहणार? आणि उद्या विधानं बदलून तो ०.९ आला तरी हुरळून जाऊ नका. विधानं एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. सगळ्याजणी एकसारखं लपवत असतील तरी ती जुळतातच.

आता खरी अडचण. थर्स्टननं १९२८ मध्ये मनोवृत्ती मोजता येतात असं ठासून मांडलं आणि १९३२ मध्ये लिकर्टनं ती पायऱ्यांची रीत दिली, जी आपण सगळे डोळे झाकून वापरतो. पण पाठोपाठ १९३४ मध्येच ला पिएर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट करून दाखवली होती. तो एका चिनी जोडप्याला घेऊन अमेरिकाभर हिंडला. अडीचशेहून जास्त हॉटेलं आणि खानावळी झाल्या, एकाच ठिकाणी नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी ‘नाही’ लिहिलं. तुमच्या गावात दिशा उलटी आहे, तोंडी ‘नाही’ आणि हातानं ‘हो’. पण धडा एकच. बोलणं ही एक वागणूक आहे आणि करणं ही दुसरी. एक विचारून दुसरीचा अंदाज बांधायचा नसतो.

तरीही ती सून खोटं बोलली असं मी म्हणणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा गाभा इथेच आहे. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग छापला. माणसाच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत साखर ओतायची. ‘साखर’ आणि ‘सोडियम सायनाइड’ अशा दोन चिठ्ठ्या त्याच्या हातात द्यायच्या, कोणती कुठे ते त्यानंच ठरवून चिकटवायची. मग दोन्हींतल्या साखरेचं पाणी करून पुढे ठेवायचं. आत साखरच आहे हे त्याला पक्कं माहीत, चिठ्ठी त्यानंच लावलेली, तरी सायनाइडच्या बाटलीतलं पाणी प्यायला लोक कां-कू करतात. जेन रायझन यांनी २०१६ मध्ये यावर विस्तारानं लिहिलं. माणसाला एखादी गोष्ट चूक आहे हे कळतं, आणि कळूनही तो तिच्यापुढे मान तुकवतो. कळणं आणि दुरुस्त करणं या मनाच्या दोन वेगळ्या हालचाली आहेत.

आपल्याकडच्या बायका हेच सांगतात. “मी नाही हो मानत, पण विषाची परीक्षा कशाला घ्या?” हे वाक्य तुम्ही गावात ऐकलं असणारच. तुमच्या फॉर्मवर त्याला जागा नाही. हो आणि नाही या दोन चौकटींत ते बसत नाही, मग तुम्ही ‘नाही’वर खूण करता आणि वाक्याचा उत्तरार्ध, ज्याच्यावर तिची ती अख्खी रात्र गेली, तो कागदाबाहेर राहतो.

म्हणून विधानं फेकून द्या आणि प्रसंग घ्या. उदाहरणार्थ : ‘सुनंदाला सहावा महिना आहे. आज रात्री ग्रहण आहे. तिला तहान लागली आहे, घरात सगळे जागे आहेत. सुनंदा काय करेल?’ उत्तर तिच्या शब्दांत लिहून घ्या. मग एकेक गोष्ट बदला. घरात कोणीच नाही, सुनंदा एकटी आहे, आता? डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला बजावलं आहे, आता? पंचांगातच आजारी, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांना वेध उशिरापासून पाळायची सवलत छापलेली असते. ती सासूबाईंनी वाचून दाखवली, आता? प्रत्येक पायरीला उत्तर बदलतं की नाही बघा. जी एकटी असतानाही पाणी पीत नाही तिची समजूत एका जातीची. कोणी नसताना घटाघटा पिते, तिची दुसऱ्या जातीची. तुमच्या वीस विधानांत या दोघींना सारखेच गुण पडले असते.

आणखी एक प्रश्न जरूर घाला. ‘तुमच्या गावात दहा गरोदर बायका असतील तर त्यांतल्या किती ग्रहण पाळत असतील?’ स्वतःबद्दल सांगायला संकोच वाटतो, दहाजणींबद्दल सांगायला नाही. प्रत्येक जण पाळते ती इतर सगळ्या पाळतात असं वाटून, असंही निघू शकतं. तसं निघालं तर तुमच्या आरोग्यशिक्षणाची दिशाच बदलेल. मग ओठ कसा तयार होतो हे शिकवण्याआधी, शेजारीण पाळत नाही हे तिला कळणं जास्त कामाचं ठरेल.

सांख्यिक

कसोटी मॅडमशी सहमत आहे, पण प्रसंगांच्या उत्तरांतून ‘गावात किती टक्के’ हा आकडा निघणार नाही आणि परीक्षक तो मागणारच. त्यासाठी दोन रीती आहेत.

पहिली वॉर्नरनं १९६५ मध्ये मांडली, तिचं सोपं रूप सांगतो. बाईच्या हातात लुडोचा फासा द्या. तुम्ही पाठ फिरवा. एक पडला तर काही असो, ‘हो’ म्हणायचं. सहा पडला तर ‘नाही’ म्हणायचं. दोन ते पाच पडले तर खरं सांगायचं. प्रश्न : सप्टेंबरच्या ग्रहणात पाणी न पिता राहिलात का? समजा १२० बायका आहेत. साधारण २० जणी फाशामुळे ‘हो’ म्हणतील, २० फाशामुळे ‘नाही’, उरलेल्या ८० खरं सांगतील. एकूण ‘हो’ ६० आले तर त्यांतले २० वजा करा, राहिले ४०. म्हणजे ८० पैकी ४०, निम्म्या. कोणती बाई खरं बोलली हे तुम्हाला कधीच कळत नाही, आणि तिलाही ते माहीत असतं.

दुसरी रीत यादीची. बायकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. पहिल्या गटाला चार गोष्टी वाचून दाखवा : त्या दिवशी टीव्हीवर मालिका पाहिली, माहेरी फोन केला, धुणं धुतलं, दुपारी भाकरी खाल्ली. कोणत्या केल्या ते सांगायचं नाही, किती केल्या तेवढंच. दुसऱ्या गटाला याच चार आणि पाचवी, ‘ग्रहण सुटेपर्यंत पाणी प्यायले नाही’. पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.६ आली तर फरक ०.५, म्हणजे निम्म्या बायकांनी पाणी प्यायलं नाही.

दोन्ही रीतींना बायका भरपूर लागतात. लपवाछपवीची किंमत आकड्याच्या धूसरपणात मोजावी लागते, शंभरेक बायकांत चूक-मर्यादा फार रुंद येईल. एका उपकेंद्रात एका वेळी गरोदर बायका असून किती असणार? आधी तो आकडा बघा, मग ठरवा.

पाणवठा

फाशाचं आमच्याकडे जमणार नाही दादा. परक्या बाईनं घरात येऊन गरोदर सुनेच्या हातात फासा दिला तर सासरा विचारेल हे काय चाललंय. आणि एक पडला तरी बाई ‘हो’ म्हणणार नाही, कारण ऐकणाऱ्याला फासा दिसत नाही, ‘हो’ तेवढं ऐकू जातं. यादीचं चालेल.

पिलूची आई

मी शिक्षिका आहे, नर्सिंगमधली नाही. पण हा विषय माझ्या घरातला आहे, म्हणून लिहिते.

माझ्या मोठ्या मुलाचा ओठ जन्मतः दुभंगलेला होता. चौथ्या महिन्यात ऑपरेशन झालं, आज नीट बघितल्याशिवाय खूणही कळत नाही. तो पोटात असताना २५ ऑक्टोबर २०२२ ला सूर्यग्रहण होतं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मला सातवा लागला होता. दिवाळी, घरात माणसं, मी स्वयंपाकघरात होते. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खाटेवरच मला विचारलं गेलं, “आठव, त्या दिवशी काय चिरलं होतंस?” मग बारशाला, मग प्रत्येक लग्नात. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं की ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. सातव्या महिन्यात त्याला काही होण्यासारखं उरलेलंच नसतं. मी हे प्रत्येकाला सांगत राहिले. आकृती काढून दाखवली. ऐकून घ्यायचे आणि वर म्हणायचे, “असेल, पण तू चिरलं होतंस ना?”

गेल्या वर्षी मी पुन्हा गरोदर होते. ७ सप्टेंबरच्या रात्री मी बसले. दिवा मालवलेल्या खोलीत, हात मांडीवर ठेवून, पाणी न पिता. सगळं माहीत असून. मला ग्रहणाची भीती नव्हती. बाळाला काही झालं असतं, कशानंही, तर त्या रात्रीचा हिशेब माझ्याकडेच मागितला गेला असता, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं.

ताई, तुम्ही मला विचारलं असतं, “ग्रहणात चिरल्यानं ओठ फाटतो का?” तर मी ‘नाही’ म्हटलं असतं. ते खरंच आहे. आणि आणखी एक विनंती. साधारण सातशे ते हजार बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. तुम्ही जाल त्या एखाद्या घरात ते असेल. ते विधान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचू नका.

कसोटी

पिलूच्या आई, तुमचं लिहिणं मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचायला देऊ शकले असते तर फार बरं झालं असतं. मोजमापाच्या दृष्टीनंही तुम्ही माझ्या यादीत नसलेली गोष्ट घातलीत. मी ‘मानणं’ आणि ‘पाळणं’ अशा दोन गोष्टी धरल्या होत्या. तिसरी तुम्ही दाखवलीत. बोल लागण्याची भीती. ती वेगळी मोजायला हवी, कारण अशी बाई समजूत काढून बदलणार नाही. तिची समजूत आधीच ठीक आहे. बदल तिच्या आजूबाजूला करायचा आहे.

सीनाकाठची, ओठाचं ते विधान काढून टाका. त्याजागी प्रसंग घ्या : ‘एका बाईचं बाळ आजारी जन्मलं. घरचे काय काय विचारतील? कोणाला विचारतील?’ ग्रहणाचं नावही काढू नका. ते आपोआप आलं तर किती जणींच्या तोंडी आलं ते मोजा, आणि कितव्या क्रमांकाला आलं तेही.

“पण तू चिरलं होतंस ना?” यावरही एक जुनं काम आहे आणि ते नेमकं परिचारिकांवरचं आहे. स्मेड्सलुंड यांनी १९६३ मध्ये परिचारिकेचं शिक्षण घेणाऱ्या मुलींना १०० कार्डं दिली. प्रत्येक कार्ड एका रुग्णाचं, लक्षण आहे की नाही आणि रोग आहे की नाही एवढंच लिहिलेलं. आकडे असे रचलेले होते की लक्षणाचा रोगाशी काही संबंध नव्हता. तरी बहुतेक मुलींनी संबंध आहे असं सांगितलं. लक्षणही आहे आणि रोगही आहे अशा कार्डांचा गठ्ठा मोठा होता, तोच डोळ्यांत भरला. उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे कोणी बघेना.

गावात तसंच चालतं. ग्रहणात चिरलं आणि ओठ दुभंगला, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ग्रहणात चिरलं आणि बाळ ठणठणीत जन्मलं, अशा हजारो बायका आहेत, पण ती गोष्ट सांगायला कोण बसतंय? ग्रहण पाळूनही ओठ दुभंगला, तर म्हणणार पाळण्यात काही चुकलं असेल. हे मोजता येतं. बायकांना चारही प्रकारच्या बायकांच्या चार छोट्या गोष्टी सांगा आणि विचारा, यातली कोणती गोष्ट तुम्ही आधी कधी ऐकली आहे? समजूत कशावर तगून आहे ते तुम्हाला त्या उत्तरांत दिसेल.

सीनाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. पिलूच्या आई, ते विधान आजच काढलं. फॉर्मवरचं ‘अंधश्रद्धा’ हे शीर्षकही काढलं, आता फक्त ‘गरोदरपणातील दिनक्रम’ आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. येत्या ३ मार्चला (२०२६) पुन्हा खग्रास चंद्रग्रहण आहे, आपल्याकडे ग्रस्तोदित. चंद्र उगवेल तोच ग्रहण लागलेला, आणि पावणेसातच्या सुमारास सुटेल. आधी फेब्रुवारीत प्रसंगांचे प्रश्न विचारायचे आणि ४ मार्चला जाऊन, आहार सर्वेक्षणात करतो तसं, मागच्या २४ तासांत काय खाल्लं-प्यायलं ते तासातासानं लिहून घ्यायचं, असं ठरवते आहे. तुलनेला आठवडाभरानंतरचा एक साधा दिवस. उपकेंद्राच्या ३ मार्चच्या रजिस्टरमधून तपासणीला किती जणी आल्या तेही घेईन. चालेल का?

दुसरं, गाईड प्रसंगांना तयार झाले, पण शेवटी एक एकूण गुण हवाच म्हणतात.

कसोटी

२४ तासांची आठवण ही कल्पना उत्तम आहे. ‘ग्रहण’ हा शब्दही न काढता पाळणं मोजलं जाईल. न विचारता मोजण्याची ताकद केवढी असते त्याचं एक उदाहरण सांगते. जपानात १९६६ हे ‘अग्नि-अश्वा’चं वर्ष होतं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला जड जाते अशी समजूत. त्या साली देशातले जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे पाव हिश्श्यानं घटले आणि पुढच्या वर्षी पुन्हा वर गेले. किती जण मानतात हे घरोघर विचारलं असतं तर काय उत्तरं आली असती कोण जाणे. जन्मनोंदीनं मात्र ते लख्ख दाखवलं. साठ वर्षांनी येणारं तेच वर्ष आता २०२६ मध्ये आहे, तिकडचे अभ्यासक डोळे लावून बसले असतील.

पण तुमच्या दिवसात अडचण आहे. ३ मार्चला धुळवड आहे. सुट्टी, त्यामुळे रजिस्टरमधली उपस्थिती ग्रहणानं घटली की सुट्टीनं हे कधीच कळणार नाही. रजिस्टर सोडून द्या. खाण्याचंही तसंच. आदल्या दिवशी होळीची पुरणपोळी, धुळवडीला घरोघरी मटण. आठवड्यानंतरचा साधा दिवस तुलनेला घेतलात तर सणाचा फरक ग्रहणाच्या नावावर जमा होईल.

तुलना त्याच दिवशी, त्याच घरात शोधा. गरोदर नसलेली जाऊ किंवा लग्नाची नणंद घ्या. चूल तीच, सण तोच, सासू तीच. दोघींचे तास शेजारी शेजारी मांडले आणि गरोदर असलेलीच्या रकान्यात दुपारी तीनपासून संध्याकाळी सातपर्यंत पाणी नाही, जावेच्या रकान्यात चहा आहे, तर तो फरक गरोदरपणातल्या पाळण्याचा. दुपारपासून धरायला सांगते, कारण ग्रहणाचा स्पर्श साडेतीनच्या आधीच होतो. चंद्र उगवायच्या आधीचं ग्रहण काही घरांत पाळतील, काही घरांत फक्त चंद्र दिसल्यापासून धरतील. हा फरक तुम्हाला आयताच मिळतो आहे, तास नोंदवले तर वाया जाणार नाही.

एकूण गुणांवर मात्र हटू नका. आपण बाळाचं वजन, उंची आणि ताप यांची बेरीज करून एक आकडा लिहीत नाही. मानणं, पाळणं आणि बोल लागण्याची भीती यांचे तीन रकाने ठेवा. तिन्हींचा एकमेकांशी संबंध काढा आणि तोच तक्ता गाईडांपुढे ठेवा. पिलूच्या आईसारख्या बाईचे गुण शून्य, पूर्ण, पूर्ण असे येतील. बेरीज केलीत तर ती मधल्या गटात पडेल, आणि अर्धवट विश्वास ठेवणाऱ्या, अर्धवट पाळणाऱ्या बाईशेजारी जाऊन बसेल. त्या दोघींना एकच सल्ला देऊन चालणार नाही, हे तुम्हाला परीक्षकांसमोर याच दोन ओळींत सांगता येईल.

सीनाकाठची

जावेची कल्पना लगेच घेते. एक शंका राहिली. जाऊ आणि ती एकाच घरात असतात. एकीला विचारताना दुसरी ऐकणार, मग दुसरी तेच सांगणार. दोघींना वेगळं कसं काढू?

पाणवठा

एकीचं वजन आणि बीपी आत घ्या, दुसरीला तेवढ्यात आशाताई बाहेर ओट्यावर विचारतील. दोघी एकाच वेळी. आशाताईंना फॉर्म आधी दोन-तीन घरांत भरायला देऊन बघा, वेळेचे रकाने भरताना त्या ‘सकाळ-दुपार’ लिहितात, ‘तीन-चार-पाच’ असं लिहायची सवय लावावी लागते. आणि ४ तारखेला सकाळी लवकर जा, दहानंतर बायका रानात गेलेल्या असतात. हरभरा-गव्हाची काढणी असेल तेव्हा.